भिंतीवरचा डबा

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पडला. पाच तास अकरा मिनिटं चालला, मग आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. सुरू होताना भोंगा पाच सेकंद वाजतो — चाचणीसाठी, तसा नियमच आहे — आणि ऑफिसातले सगळे माझ्याकडे असे बघतात की जणू मीच किंचाळलो.

आजची चौदावी खेप. सलग बहात्तर तास न अडखळता चालल्याशिवाय डबा शीतगृहाला द्यायचा नाही, असं करारात लिहिलंय. माझं काम सोपं आहे. टेबलावर चार डबे मांडायचे, चालू करायचे, कोणता कधी पडला ते वेळेसकट लिहायचं. इतकं सोपं की चुकलं तर सबब सांगायला जागा नाही.

डबा म्हणजे तळहाताएवढा बोर्ड, वर पडदा, मागून वायरी. शीतगृहाच्या यंत्रखोलीत थंडाव्यासाठी अमोनिया खेळवलेला असतो. तो गळला की डब्याने भोंगा वाजवायचा. नाही गळला तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’. सरांनी ‘ठिक’ लिहिलं होतं, मी दीर्घ केलं. त्या पडद्याला माझा हात लागलाय तो एवढाच.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज गुरुजींनी फळ्यावर समजावून सांगितलं. गुरुजी म्हणजे आमचे मोठे इंजिनिअर. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण काही विचारलं की आधी खडू शोधतात, म्हणून गुरुजी.

कल्पना सरांची. टेबलावरच्या कंप्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम घ्यायची, छाटून छाटून लहान करायची आणि या बोर्डावर उतरवायची. ‘नवीन लिहायला दोन वर्षं जातील. ही आयती आहे, जगभर चालते, आपण फक्त तिचं वजन उतरवायचं.’ गेलं वर्षभर गुरुजी तेच करतायत.

गुरुजी म्हणाले, ‘ही बाई जन्मली टेबलावर. तिची समजूत अशी की समोर खुर्ची आहे आणि खुर्चीत माणूस आहे. अडली तर तो शिव्या घालील, बटण दाबेल, पुन्हा चालू करील. इथे समोर कोणी नाही, हे तिला पटवायचं — झालं, एवढाच आपला उद्योग.’

मी लिहून घेतलं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला त्यामुळे असलं काही मला कोणी शिकवलेलं नाही. बाबा गेले, दादाने एकट्याने किती ओढायचं. दादा त्याच शीतगृहात ऑपरेटर आहे. आमच्या कंपनीचं नाव मॅनेजरला त्यानेच सुचवलं — ‘माझा भाऊ आहे तिथे, काम चोख असतं त्याचं.’ म्हणजे हा डबा ज्या खोलीवर नजर ठेवणार, त्या खोलीत माझा भाऊ दिवसातून सात-आठ वेळा जातो.

हे मी ऑफिसात कोणाला बोललेलो नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सोळावी खेप. चार तास दोन मिनिटं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गोष्ट केली. नीट लिहून ठेवतो.

बोर्डावर एक छोटी चिप आहे, तिला आम्ही राखणदार म्हणतो. आमच्या मुख्य प्रोग्रामने — तोच वायू मोजतो — दर दहा सेकंदांनी राखणदाराला ‘मी जिवंत आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही तर राखणदार समजतो की हा मेला, आणि सगळा डबा बंद करून पुन्हा चालू करतो. डबे पडतायत ते यामुळे. प्रोग्राम मधेच कुठेतरी अडकतो, राखणदार त्याला उठवतो. म्हणजे राखणदाराची चूक काहीच नाही.

सर सकाळी येऊन टेबलाजवळ उभे राहिले. ‘शुक्रवारी तारीख आहे. शुक्रवारी.’ एवढंच बोलले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग गुरुजींनी मला बाजूला घेतलं. ‘राखणदाराला कळवायचं काम मुख्य प्रोग्रामकडून काढ. दोन ओळींचा वेगळा प्रोग्राम लिही, तो कळवत राहील. बहात्तर तास होऊ देत. नेमका कुठे अडकतो ते मी तोवर शोधतो. डिलिव्हरीच्या आधी काढून टाकायचं हं, तात्पुरतं आहे.’

मी लिहिला. वर ‘तात्पुरते, काढणे’ असं लिहिलं आणि तारीख घातली. अक्षर न अक्षर दोनदा तपासलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बहात्तर तास पूर्ण. चारही डबे! सगळ्यांवर हिरवं. सरांनी पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे मागवले आणि माझी पाठ थोपटली. अहवालावर ‘चाचणी करणारा’ या ओळीसमोर सही मी केली. पेन नवा होता, शाई पसरली नाही.

जिन्यात गुरुजी भेटले. त्यांनी बिस्कीट घेतलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गुरुजी सोडून चालले! दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या गावी. महिनाभर आधीच ठरलं होतं म्हणे, सांगितलं नव्हतं. कपाट आवरताना म्हणाले, ‘तुझ्या त्या दोन ओळी विसरू नकोस.’ मी म्हणालो, तुमच्या. ते हसले. ‘बरं, आपल्या.’

कुठे अडकतो ते सापडलं का, विचारलं. ‘वेळच कुठे मिळाला रे.’

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी साडेतीनला दिसलं.

तीन नंबरचा डबा बहात्तर तासांनंतरही मी चालूच ठेवला होता. पडदा हिरवा, ‘सर्व ठीक’. खालच्या कोपऱ्यात वायूचा आकडा असतो, तो दर सेकंदाला थोडा हलतो — ०.३, ०.४, ०.३. आज बघितलं तर ०.३. चहा पिऊन आलो, ०.३. खुर्ची ओढून वीस मिनिटं समोर बसलो. ०.३.

डब्यातल्या मेमरी कार्डावरची नोंद काढली. मुख्य प्रोग्राम मंगळवारी सकाळीच मेलाय. पडद्यावरचं चित्र दुसराच प्रोग्राम काढतो, त्याने शेवटचं चित्र तसंच धरून ठेवलं. आणि माझ्या दोन ओळी दर दहा सेकंदांनी राखणदाराला सांगतायत — जिवंत आहे, जिवंत आहे. दोन दिवस. कोणीही मोजत नसताना.

म्हणजे ते बहात्तर तासही... जुनी कार्डं काढून पाहिली. चारांपैकी तीन डबे दुसऱ्याच दिवशी मेलेले होते. सही माझी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो. सरांनी ऐकून घेतलं.

‘दोन ओळीच आहेत ना? पुढच्या आवृत्तीत काढू.’

मी म्हणालो, सर, काढल्या तर डबा दिवसातून पाच वेळा बंद पडेल.

‘मग नाही काढायच्या.’

मी उभाच राहिलो. तेव्हा जरा मऊ आवाजात म्हणाले, ‘अरे, त्यांच्याकडे आत्तापर्यंत काय होतं? एक म्हातारा आणि त्याचं नाक. आपला डबा त्यापेक्षा वाईट नाही ना?’

जागेवर येऊन बसल्यावर उत्तर सुचलं, पण तोवर सर गाडीत बसले होते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डबा बसवला. वायरी जोडायला मला पाठवलं.

शीतगृहात पहिल्यांदाच गेलो. दार उघडलं की थंडी नाकात शिरते आणि डोळ्यांत पाणी येतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना जाड दरवाजे, आत मटार, मासळी, लोणी. बोळाच्या टोकाला यंत्रखोली. तिच्याशेजारी काचेची केबिन, डबा त्या केबिनच्या भिंतीवर, त्याचा वायू ओळखणारा सेन्सर यंत्रखोलीत. भोंगा बाहेर, बोळात, वर छताला.

दादाने सगळ्यांना ओळख करून दिली. ‘हा माझा धाकटा. हा डबा याचाच.’ मी म्हणालो, माझा नाही, मी फक्त तपासतो. ‘तेच ते. लाजतो जरा.’ मग एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आणि हे आमचे नाकवाले काका. वायू सुटला की घरी बसून सांगतात. तुझ्या यंत्राचे प्रतिस्पर्धी.’

काका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘माझं नाक बंद पडलं तर शिंकलं की सुरू होतं. तुझं?’ सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

नंतर मी शिडीवर असताना काका खाली येऊन उभे राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं. हळूच म्हणाले, ‘पोरा, हे नीट चालतं ना? मला आता वास येत नाही. चार-पाच वर्षं झाली. इतकी वर्षं या खोलीत काढली, नाकाने तरी किती सोसायचं. कोणाला बोलू नकोस, दोन वर्षं राहिलीत.’

मी मान हलवली. दोन्ही गोष्टींना एकदमच.

वायू सुटला की हाताने वाजवायची ती जुनी घंटा दुपारी काकांनी खाली उतरवली. नवा डबा आलाय म्हणून.

२ मार्च, सोमवार

दादाकडे जेवायला. दादाला शिफ्ट इनचार्ज केलं. डब्याची सूचना त्याची होती म्हणून मॅनेजर खूश. वहिनीने नवा शर्ट दाखवला, खिशावर नाव शिवलेलं. ‘भाऊजी, तुमच्यामुळे झालं हो.’

पाटावर बसल्यावर मी म्हणालो, दादा, त्या हिरव्यावर फार विसंबू नकोस.

‘का रे?’

अजून थोडं काम बाकी आहे त्याच्यात.

दादा हसून वहिनीला म्हणाला, ‘हा शाळेतसुद्धा पेपर देऊन आला की रडायचा. आई समजूत घालायची. निकाल लागला की वर्गात दुसरा.’ मग मला म्हणाला, ‘तू बसवलंयस ना? बास झालं.’

खरं सगळं सांगायचं तर सही माझी आहे हेही सांगावं लागतं. शर्ट अजून हँगरवर होता.

५ मार्च, गुरुवार

आठ दिवस. अजून काही झालेलं नाही. हे वाक्य रोज लिहिता येणार नाही.

९ मार्च, सोमवार

सापडलं! कुठे अडकतो ते.

प्रिंटर!! टेबलावरच्या कंप्युटरला ठरावीक वेळाने आसपास प्रिंटर आहे का ते शोधायची सवय असते. गुरुजींनी सिस्टीम छाटली, पण ही सवय कुठेतरी खोल राहून गेली. आमचा डबा भिंतीवर टांगून घेतो आणि काही तासांनी प्रिंटर शोधायला निघतो. सापडत नाही. पुन्हा शोधतो. शोधता शोधता मेमरी भरत जाते, कधी चार तासांत, कधी काही दिवसांनी. आणि मेमरी संपली की या सिस्टीमचा नियम आहे — जो प्रोग्राम सगळ्यात मोठा, त्याला मारायचं, जागा मोकळी करायची. टेबलावर हे बरोबर आहे. फार तर एखादी खिडकी बंद होते, माणूस पुन्हा उघडतो. आमच्या डब्यात सगळ्यात मोठा प्रोग्राम कोणता? वायू मोजणारा.

कागदावर सगळं क्रमाने लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. वर ‘तातडीचे’. संध्याकाळी कागद तिथेच होता, वर कप ठेवलेला.

११ मार्च, बुधवार

न विचारता गेलो. आजारी आहे असा निरोप ऑफिसला दिला आणि चाचणीची अमोनियाची बाटली रुमालात गुंडाळून शीतगृहात गेलो.

दादाला म्हणालो, दोन मिनिटं केबिनमध्ये थांब, पडदा बघ. मी यंत्रखोलीत जाऊन सेन्सरला बाटली लावली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता. भोंगा वाजला नाही. काचेतून दादा दिसत होता. त्याने अंगठा वर केला — हिरवं आहे.

बाहेर येऊन त्याला बाटली हुंगवली. तो मागे सरकला. मग पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा पडद्याकडे.

कार्ड काढलं. शेवटची नोंद २६ फेब्रुवारी, दुपार. बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तेरा दिवस भिंतीवर नुसतं चित्र टांगलेलं होतं.

मग सांगितलं सगळं. दोन ओळी, सही, बहात्तर तास. दादा खुर्चीत बसला होता, हात गुडघ्यांवर.

‘काल वेल्डिंगवाल्यांना आत पाठवलं होतं मी,’ म्हणाला. ‘हिरवं बघून.’

मला वाटलं मारेल. लहानपणी एकदा मारलं होतं. पण तो नुसता म्हणाला, ‘दुरुस्त कर. आणि तू आजारी आहेस ना, घरी जाऊन झोप.’

काकांच्या नाकाचं मात्र मी बोललो नाही. शब्द दिला होता.

१२ मार्च, गुरुवार

दादाने मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने सरांना. सरांच्या केबिनचं दार बंद होतं तरी ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘काढ तुझ्या ओळी.’

आता त्या माझ्या झाल्या.

मी महिना मागितला. प्रिंटरसारख्या टेबलाच्या सवयी आणखी किती उरल्यात कोण जाणे, एकेक शोधायला हवी. सर म्हणाले, सोमवार. मॅनेजरची वेगळी अट आहे — डब्याचं कव्हर कोण उघडतं ते कळलं पाहिजे, शीतगृहाच्या माणसांपैकी कोणी हात घातला तर तेही दिसू दे. तेव्हा प्रत्येक ऑपरेटरला एक क्रमांक. तो दाबल्याशिवाय कव्हर उघडायचं नाही, आणि उघडलं की नोंद. कोणाला कोणता क्रमांक ते मॅनेजर ठरवणार.

१६ मार्च, सोमवार

नवी आवृत्ती बसवली. दोन ओळी गेल्या, प्रिंटर गेला. आता मुख्य प्रोग्राम मेला तर राखणदार त्याला उठवतोच. बाटली लावून तीनदा तपासलं, तिन्ही वेळा भोंगा वाजला. बोळातली माणसं कानावर हात ठेवून पळाली.

काका म्हणाले, ‘आता बरोबर ओरडतंय.’ खूप बरं वाटलं. डबा अजूनही दिवसातून दोन-तीनदा पडेल आणि सुरू होताना पाच सेकंद वाजेल, हे सगळ्यांना सांगितलं. लिहूनही चिकटवलं.

१८ मार्च, बुधवार

दुपारी दादाचा फोन.

‘अरे, हा दिवसातून चार वेळा कोकलतो.’

पाचच सेकंद वाजतो ना?

‘पाच सेकंद तुला. इथे पॅकिंगवाल्या बायका ट्रे टाकून बाहेर पळतात. परत आत यायला अर्धा तास. मॅनेजर म्हणतो, इनचार्ज, हे काय आणलंस. तो सुरुवातीचा भोंगा तेवढा काढून टाक ना.’

मी म्हणालो, नाही काढता येणार. तो वाजला तरच भोंगा शाबूत आहे हे कळतं. नियमात आहे.

‘नियम तू मला सांगतोस होय रे?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आधी हिरवा दाखवून फसवत होता, आता काही नसताना ओरडतो. माणसांनी ऐकायचं कधी?’

मला त्याचं म्हणणं कळत होतं. पण एकदा सांगितलं म्हणून ओळ घातली होती, त्याचं काय झालं ते पाहिलंय. सांगितलं म्हणून आता मी काही काढणार नाही. पडण्याचं कारण शोधतो, आठ दिवस दे, म्हणालो.

‘शोध बाबा,’ म्हणाला आणि फोन ठेवला. चिडून नाही. दमून.

२० मार्च, शुक्रवार

आणखी एक सवय सापडली — डबा स्वतःच्या फाइलींची छोटी छोटी चित्रं बनवत बसतो. कोणी बघेल म्हणून. काढली.

२३ मार्च, सोमवार

टेबलावरचे डबे आता चाळीस तास सलग चालतायत. खरोखर चाललेत, आकडा हलताना मी बघतोय. बुधवारी ही आवृत्ती शीतगृहात बसवेन. दादाला फोन केला, आता कोकलणार नाही म्हणालो. ‘दोन दिवस झाले, शांतच आहे,’ म्हणाला. मला आश्चर्य वाटलं. जुन्या आवृत्तीत शांत का? बुधवारी बघू.

२४ मार्च, मंगळवार

अमोनिया सुटला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

नाकवाले काका मागच्या दाराने यंत्रखोलीत तेल काढायला गेले होते. दादाने त्यांना पडलेलं पाहिलं आणि तोंडावर ओला टॉवेल बांधून आत शिरला. फरफटत बाहेर आणलं. काका बेशुद्ध आहेत, नळ्या लावल्यात. दादाच्या डोळ्यांना लागलंय, घसा भाजलाय, बोलू नको म्हणून सांगितलंय. दिसेल, पण दिवस लागतील — डॉक्टर.

वहिनी दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. दादाचा शर्ट मांडीवर, वासाने मला खोकला आला. ती म्हणाली, ‘भाऊजी, भोंगा वाजलाच नाही म्हणतात.’

मी बाटली लावून तीनदा तपासलं होतं. तीनदा.

२५ मार्च, बुधवार

सकाळी शीतगृहात गेलो. बोळात पंखे लावलेत, तरी डोळे चुरचुरतात. डबा भिंतीवर होता, पडदा लाल — ‘वायुगळती. आत जाऊ नका.’ सगळ्यांसमोर कार्ड काढलं.

ऑफिसात नोंद वाचली. डबा मेला नव्हता. काल १२ वाजून ५८ मिनिटांनी त्याने वायू पकडला. त्याच सेकंदाला पडदा लाल. त्याच सेकंदाला भोंग्याला हुकूम. काका आत गेले एक वीसला. बावीस मिनिटं डबा आपलं काम करत होता आणि केबिन रिकामी होती, सगळे जेवायला.

मग मागे मागे वाचत गेलो. शनिवार, ११:४२ — कव्हर उघडले, क्रमांक ४. ११:४३ — भोंगा जोडलेला नाही. तिथून पुढे दर तासाला तेच, भोंगा जोडलेला नाही, भोंगा जोडलेला नाही.

कोणीतरी वायर काढली. पॅकिंगवाल्यांनी कुरकुर लावली होती, त्यांच्यापैकी कोणी क्रमांक मिळवला असेल. किंवा दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर. काकांना वास येत नाही हे त्याला थोडंच माहीत असणार. कोणालाच माहीत नव्हतं. मला होतं.

सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, खुर्चीत मागे रेलले. ‘वाचलो रे.’

कारखाने निरीक्षक दुपारी आले. उंच, सावकाश बोलणारे. नोंदीची छापील प्रत मीच तयार केली होती, पानांना क्रमांक घालून. महिनाभरात पहिल्यांदाच छाती भरून श्वास घेतला. त्यांनी विचारलं, यात नेमकं काय बघू? मी लाल पेनने शनिवारच्या ओळीखाली रेघ मारून दिली. पट्टी लावून.

‘क्रमांक चार कोण?’

यादी मॅनेजरकडे आहे साहेब, मला माहीत नाही, म्हणालो. त्यांनी प्रत पाकिटात घातली आणि माझी सही घेतली.

२६ मार्च, गुरुवार

काका सकाळी गेले.

दादाच्या डोळ्यांवर पट्टी आहे. मी आलोय हे त्याला पावलांवरून कळलं. वहिनी पाणी आणायला बाहेर गेली, तसा घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘कव्हर कोणी उघडलं ते तुझ्या डब्यात उमटतं का रे?’

मी म्हणालो, नाही.

‘बरं,’ म्हणाला, आणि माझा हात धरून झोपला.